बिनडिग्रीची पानगळ

आमच्या गल्लीत पानं गळायला लागली की पाट्या उगवतात. गल्ली म्हणायची ही माझी नागपुरी सवय. तसा तो चांगला ऐसपैस रस्ता आहे, दोन्ही बाजूंना मेपलची झाडं आणि प्रत्येक घरापुढे गवताचा एकेक तुकडा. सप्टेंबर सरत आला की त्या गवतात तारेच्या पायांवर उभ्या पाट्या दिसू लागतात. कोणाला जज व्हायचं असतं, कोणाला शाळेच्या बोर्डावर जायचं असतं, कोणाला ड्रेन कमिशनर. नाल्यांचा अधिकारीसुद्धा इथे मतं मागून निवडून येतो, याचं मला इतक्या वर्षांनंतरही हसू येतं. मग ऑक्टोबरचा वारा सुटतो, निम्म्या पाट्या आडव्या होतात आणि त्यांच्यावर पाचोळा साचतो. त्याखाली दोन्ही पक्षांची माणसं अगदी गुण्यागोविंदाने पडून असतात.

नेमके हेच दिवस चकलीची भाजणी करायचे. आम्ही बौद्ध, दिवाळीला आमच्याकडे पूजाबिजा काही नसते. पण चकलीला कसला आलाय धर्म? गार्गी लहान असताना तिच्या शाळेत आणि शेजारीपाजारी वाटायला म्हणून मी फराळ करायला लागले आणि ते अंगवळणी पडलं. मिशिगनच्या स्वयंपाकघरात भाजणी भाजणं ही एक कसरत असते. खिडकी उघडली तर गारठा आत येतो, बंद ठेवली तर धुराचा अलार्म बोंब मारतो. मी खिडकी चार बोटं उघडी ठेवते. मग बाहेरून ओल्या पानांचा वास येतो, कढईतून डाळी-धण्यांचा, आणि दोन्ही ओट्यापाशी एकमेकांत मिसळतात. हा मिसळलेला वास आला की माझा हात चालत राहतो आणि मी मात्र तिथे नसते. मी त्या पानगळीत जाऊन बसते, ज्या पानगळीत आमची गार्गी कॉलेज सोडून घरी आली होती.

गार्गी आमची एकुलती एक. इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात ती गाडी भरून सामान घेऊन आली. गुंडाळलेली सतरंजी, टेबललॅम्प, कुंडीत सुकलेलं एक झाड. परत जाणार नाही म्हणाली. नापास झाली नव्हती, कोणाशी भांडण नव्हतं, प्रेमभंगही नव्हता; असता तर मला बरं वाटलं असतं, निदान कारण तरी कळलं असतं. वसंतात कधीतरी तिचं वर्गात जाणं थांबलं होतं, एवढंच ती सांगू शकली. माझा नवरा श्रीकांत तिचा लॅम्प हातात धरून ड्राइव्हवेत उभाच राहिला. तो आत न्यायचा की परत गाडीत ठेवायचा, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

श्रीकांतचं थोडं सांगायला हवं. नागपुरातल्या रेल्वेच्या लोको शेडमागे एक वस्ती आहे, तिथला तो पहिला इंजिनीअर. सासरे शेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर होते. याचा निकाल लागला तेव्हा वस्तीने बँड लावला होता आणि याला घरी न्यायच्या आधी विहारात नेलं होतं. त्या डिग्रीची चौकट आमच्या दिवाणखान्यात आहे. प्रत्येक घर बदलताना बाकी सगळं ट्रकमध्ये गेलं, ती चौकट याच्या मांडीवर बसून गेली. ट्रॉयजवळ गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत त्याने उभी हयात काढली, ती त्या कागदाच्या जोरावर. लोकांना डिग्री म्हणजे कपाळावरची टिकली वाटते. आमच्यासाठी ती दाराची किल्ली होती. दार उघडलं की मग कोणी आडनाव विचारत नाही, असं तरुणपणी त्याला वाटायचं. पुढे कळलं की विचारतातच. पण दार तरी उघडतं.

त्यामुळे तो पोरीला काही बोलला नाही, हेच मला जास्त लागलं. ओरडला असता तर मी तिची बाजू घेतली असती. तो नुसता सकाळी ऑफिसला जाताना तिच्या बंद दाराकडे बघायचा आणि जायचा.

तो सप्टेंबर मला फार सावकाश आठवतो. ऊन मधासारखं घट्ट झालं होतं. गार्गी दुपारपर्यंत झोपायची, उठली की मागच्या पायऱ्यांवर चहाचा मग घेऊन बसायची आणि चहा गार होऊ द्यायची. मी तिच्याशेजारी जाऊन बसायचे. बोलायला विषय नसला की मी झाडांवर बोलते. माझी डिग्री बॉटनीची आहे आणि तिचा जन्मभरात एवढाच उपयोग झाला. मी तिला सांगितलं की पानातला पिवळा रंग उन्हाळाभर आत असतोच, हिरवा ओसरला की दिसायला लागतो. लाल मात्र तसा नसतो. पान सोडायचं ठरल्यावर झाड तो नव्याने तयार करतं. जाणाऱ्या पानासाठी एवढा खटाटोप कशाला, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. गार्गीने समोरच्या मेपलकडे बघितलं आणि विचारलं, म्हणजे त्यांनापण माहीत नाही? मी म्हटलं, नाही. तिला त्या उत्तराने जरा बरं वाटलं असावं, कारण त्या दिवशी तिने चहा गरम असतानाच संपवला.

मग लायब्ररीत मला एक सूचना दिसली. टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या, क्लर्कच्या ऑफिसात निवडणुकीपुरती माणसं हवी होती. अटी अशा, की मतदार म्हणून नाव नोंदलेलं असावं, लोकांशी नीट बोलता यावं आणि खोकी उचलता यावीत. शिक्षणाचा रकानाच नव्हता. मी ती फ्रिजवर चुंबकाखाली लावली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. गार्गी गेली. माझ्या काळजीभरल्या नजरेपासून पळायला गेले, असं तिने पुढे हसत कबूल केलं.

क्लर्क म्हटलं की आपल्याला फायलींच्या ढिगामागचा कारकून दिसतो. इथे टाउनशिपची क्लर्क ही लोकांनी निवडून दिलेली बाई असते आणि गावातल्या सगळ्या निवडणुका तिच्या अंगावर असतात. आमच्या क्लर्कचं नाव डोना. उंच, पांढरे केस कानामागे सारलेले, हिवाळ्यातसुद्धा उघड्या सँडल. ती कॉलेजला गेलेली नव्हती. तिच्या खुर्चीसाठी डिग्री लागत नाही. गावात राहायचं, मतदार असायचं आणि लोकांनी निवडून द्यायचं, झालं. तिच्या हाताखालच्या कायमच्या नोकऱ्यांना मात्र डिग्री विचारतात. श्रीकांतला हे काही केल्या पचेना. मी म्हटलं, शिपायाला दहावी लागते आणि मंत्र्याला काहीच लागत नाही, हे आपल्याला काय नवीन आहे? तो म्हणाला, तू प्रत्येक गोष्टीची थट्टा करतेस.

ऑक्टोबरमध्ये गार्गी संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या स्वेटरला पानाचा एखादा तुकडा चिकटलेला असायचा आणि बोटांना कागदाचा वास. जेवताना ती बोलायला लागली. आधी थोडं, मग वाढतं. पोस्टाने आलेल्या मतांची पाकिटं, त्यावरच्या सह्या, वर्षानुवर्षं बदलत गेलेली म्हाताऱ्या माणसांची अक्षरं. मशीन आधी सगळ्यांसमोर तपासतात, कोणीही यावं आणि खुर्ची घेऊन बघत बसावं. बघायला फक्त एक आजोबा येतात आणि डुलक्या घेतात. तिला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की मतदान संपल्यावर मतांची सीलबंद पिशवी एकटा माणूस नेत नाही. एक माणूस या पक्षाचा, एक त्या पक्षाचा, दोघांनी एकाच गाडीत बसून जायचं. वाटेत रेडिओ कोणता लावायचा यावरून भांडायचं, पण पिशवी दोघांच्या मध्ये. कॉलेजात असताना आमचा फोन न उचलणारी मुलगी आता दिवसभर परक्यांचे फोन उचलत होती. एक आजीबाई रोज फोन करून विचारायच्या, माझं मत पोचलं का? गार्गी रोज त्यांना सांगायची, पोचलं. त्या आजी बहुधा मतासाठी फोन करत नव्हत्या, हे तिला आणि मला दोघींना कळत होतं.

मला त्या संध्याकाळी फार सुख व्हायचं, ते लपवायचं कशाला? पोरगी परत आली होती. घरी तर ती उन्हाळ्यातच आली होती, पण खरी परत आली ती त्या ऑक्टोबरात.

आणि त्याच सुमारास ऑफिसात एक कायमची जागा निघाली. निवडणुकीच्या कामाचीच, वर्षभराची, इन्शुरन्ससकट. जाहिरातीत म्हटलं होतं, पदवीधरांना प्राधान्य. गार्गीने अर्ज केला. तिला ती जागा हवी होती; इतकी हवी होती की ती त्याबद्दल बोलायची नाही. मी तिच्या खोलीवरून जाताना ती आरशासमोर उत्तरं पुटपुटताना ऐकू यायची. तिच्या वयाच्या आमच्या ओळखीतल्या मुलांना मोठमोठ्या कंपन्या हव्या होत्या. हिला टाउनशिप हॉलचं ते मागचं ऑफिस हवं होतं, जिथल्या खिडकीतून पार्किंग लॉट दिसतो.

प्राधान्य म्हणजे सक्ती नव्हे, हे मी श्रीकांतला समजावून सांगितलं. पण आपल्याकडे जाहिराती वाचत वाढलेल्या माणसाला प्राधान्य या शब्दाचा अर्थ कोणी शिकवायला नको. त्याच्या लेखी ती जागा गेल्यात जमा होती. घरात तो येरझाऱ्या घालायला लागला. एक दिवस त्याने विचारलं, फराळ झाला का सगळा? मला वाटलं, ऑफिसात न्यायचा असेल. मी स्टीलच्या डब्यात चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू असं छान भरून दिलं आणि झाकणाला टेप लावली.

तो तो डबा घेऊन क्लर्कच्या ऑफिसात गेला. काखेत गार्गीच्या प्रमाणपत्रांची फाइल.

मतदानाला आठवडाभर उरला होता आणि लवकर मत द्यायला आलेल्या लोकांची रांग होती. हा शिस्तीचा माणूस, रांगेत उभा राहिला. खिडकीपाशी पोचल्यावर त्याला मत द्यायचंय का असं विचारलं, तर म्हणाला, नाही, मी गार्गीचा बाबा. गार्गी तेव्हा दुसऱ्या इमारतीत मशीन पोचवायला गेली होती. डोना बाहेर आली, हात मिळवला आणि त्याला आपल्या खोलीत न नेता बाहेरच्याच बाकावर बसवलं, सगळ्यांच्या देखत. त्याने तिला सांगितलं की मुलीचं एकच वर्ष राहिलंय, ते ती पुरं करील, याची जबाबदारी माझी. घरात सगळे शिकलेले आहेत. फाइल उघडून त्याने तिची शाळेतली बक्षिसं दाखवली आणि, मला हे नंतर कळलं तेव्हा हसावं की रडावं कळेना, स्वतःच्या डिग्रीची झेरॉक्सही दाखवली. डोनाने सगळं ऐकून घेतलं. गार्गी चांगली मुलगी आहे, म्हणाली, याहून जास्त मला बोलता येणार नाही. मग त्याने डबा पुढे केला.

ती नको म्हणाली. त्याने आग्रह केला. ती पुन्हा नको म्हणाली. त्याने पुन्हा आग्रह केला. आपल्याकडे पहिला नकार हा रीतीचा असतो, दुसरा भिडेचा. आग्रहाशिवाय घेणारा माणूस हावरा आणि आग्रहाशिवाय देणारा कोरडा. ती तिसऱ्यांदा नको म्हणाली तेव्हा श्रीकांतला वाटलं, बाई फार सुसंस्कृत आहे. डबा बाकावर ठेवून तो अगदी समाधानाने बाहेर पडला. मला गाडीतून फोन करून म्हणाला, मी बोलून आलो, चांगली बाई आहे. त्या फोनमधला त्याचा हलका झालेला आवाज मला अजून ऐकू येतो.

संध्याकाळी गार्गी आली ती कोट न काढता. डबा तिने ओट्यावर ठेवला. टेप तशीच होती. डोनाने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, शांतपणे आणि वाईट वाटून. उमेदवाराच्या वडिलांनी भेट आणली, हे तिला वर कळवावं लागलं होतं. आता डोना मुलाखत घ्यायला बसणार नव्हती आणि गार्गीबद्दल एक शब्दही बोलणार नव्हती. बोलली असती तर ती नोकरी गार्गीला कशी मिळाली, हे लोकांनी कायम विचारलं असतं. म्हणजे तिचं काम रोज बघणारं जे एकच माणूस होतं, तेच खोलीबाहेर गेलं. उरलेल्यांच्या हातात फक्त अर्ज असणार होते.

श्रीकांत खुर्चीत बसला होता. गार्गी त्याच्याकडे बघून म्हणाली, “बाबा, आय वॉन्टेड टु गेट इट मायसेल्फ. देअर, ऑफ ऑल प्लेसेस.”

त्याने डब्याकडे बघितलं. मग म्हणाला, “पोरीकडे डिग्री नाही, पण तिच्यामागे घर आहे, एवढं कोणी जाऊन सांगायला नको?”

ती वर निघून गेली. मग श्रीकांतने मला एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांच्या संसारात मी ऐकली नव्हती. त्याच्या पहिल्या नोकरीच्या वेळी सासरे संत्र्यांची टोपली घेऊन एका साहेबांच्या बंगल्यावर गेले होते. फाटकाबाहेर उभे राहिले होते, टोपली डोक्यावर तशीच. ती लाच नव्हती, तेवढी ऐपतही नव्हती. मोठ्या माणसाच्या दारात रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढंच त्यांना माहीत होतं. साहेबांनी एक संत्रं घेतलं, बाकीची परत दिली. नोकरी मिळाली ती मार्कांवर. पण माझे बाबा माझ्यासाठी फाटकाबाहेर उभे होते, श्रीकांत म्हणाला, हे मला कधी विसरता आलं नाही.

नोकरी गार्गीला मिळाली नाही. सार्वजनिक प्रशासनाची डिग्री असलेल्या एका तरुणाला मिळाली. मुलगा भला होता, गार्गीशी त्याचं छान जमलंही. तिने आम्हाला सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सांगितलं, टोस्टला लोणी लावता लावता, आणि लोणी लावतच राहिली. मला तेव्हा डोनाचा राग आला, त्या तरुणाचा आला, नियमांचा आला. सगळ्यात जास्त राग श्रीकांतचा यायला हवा होता, पण फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या मुलावर मला रागावता येईना.

त्या नोव्हेंबरात श्रीकांतने पानं गोळा केली. आमच्या अंगणातली संपली तेव्हा शेजारच्यांची केली. शेजारी बाहेर येऊन थँक यू म्हणाले, तर हा मान हलवून दाताळं ओढतच राहिला. कागदी पिशव्या भरून फुटपाथच्या कडेला उभ्या राहिल्या. आदल्या आठवड्यापर्यंत तिथे पाट्या होत्या. गार्गी खिडकीतून बघत होती. थोड्या वेळाने ती बूट घालून बाहेर गेली आणि त्याच्या पुढ्यात पिशवी उघडून धरली. दोघं पिशव्या भरत राहिले. मी आतून बघितलं आणि भांडी घासायला घेतली, कारण मला रडायला येत होतं आणि घासायला भांडी होती.

तेव्हापासून श्रीकांत मला अधूनमधून विचारायचा, बहुतेक पानगळीतच: “डिग्री नव्हती म्हणून गेली, की डबा नेला म्हणून?” मी कधी हे म्हणायचे, कधी ते. खरं काय ते कोणालाच माहीत नाही. मला वाटतं, त्याला डिग्रीमुळे गेली असं ऐकायचं असायचं, म्हणजे दोष त्याचा उरला नसता. आणि त्याच वेळी तसं ऐकायचं नसायचं, कारण मग पोरगी कायमचीच अडकली असती. अशा प्रश्नाला उत्तर नसलेलंच बरं.

गार्गी कॉलेजात परत गेली नाही. हिवाळ्यात दुकानात काम करायची, वसंतात एका नर्सरीत रोपं विकायची, आणि निवडणूक आली की टाउनशिप हॉल. इथे निवडणुका काही कमी नाहीत. कधी शाळेच्या कराची, कधी पक्षाचा उमेदवार ठरवायची प्रायमरी, कधी मोठी. त्या पगारात भागत नाही, म्हणून ती आमच्याकडेच राहिली. तिच्या मैत्रिणींची लग्नं झाली, घरं झाली. शॉमबर्गहून माझी बहीण फोन करायची आणि गार्गीचं काय, असं विचारायच्या आधी एक बारीकसा श्वास घ्यायची. तो श्वास मला इथपर्यंत ऐकू यायचा.

डिग्रीला काही अर्थ नाही, असं मी कधी म्हणणार नाही. ज्यांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांनी खुशाल म्हणावं. तो कागद नसता तर श्रीकांत शेडमध्येच राहिला असता आणि मी हे मेपल कुठल्या पुस्तकातल्या चित्रात बघितलं असतं. पण गार्गी मतांच्या पिशवीला सील लावताना ओठ घट्ट मिटते, नंबर दोनदा वाचते, हलक्या हाताने एकदा ओढून बघते, आणि तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी तिच्या कुठल्याही वर्गातल्या फोटोत बघितलेलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भाजणी ढवळताना मला त्यांचं भांडण लावायचा कंटाळा येतो. मी गॅस बारीक करते आणि दोघींना कढईत राहू देते.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी तो तरुण काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मोठ्या ऑफिसात गेला आणि जागा पुन्हा निघाली. जाहिरातीत या वेळी होतं, पदवी किंवा तेवढ्या तोलाचा अनुभव. हे कोणी घातलं, कशामुळे घातलं, आम्ही विचारलं नाही. गार्गीने जेवताना सांगितलं की ती अर्ज करतेय. श्रीकांतने कोशिंबीर मागितली. मी त्याच्याकडे वाडगा सरकवला. मुलाखतीच्या दिवशी तो सकाळपासून गॅरेजमध्ये होता. सगळे स्क्रू मापाप्रमाणे बरण्यांत भरले, मग ओतून पुन्हा भरले. एका माणसाने काहीही न करण्यासाठी किती मेहनत घ्यावी, ते मी त्या दिवशी बघितलं.

या वेळी डोना खोलीत होती. मुलाखतीत एकाने विचारलं, डिग्री पुरी का केली नाही? गार्गी म्हणाली, माहीत नाही, पण इथे का येत राहिले ते सांगू शकते. तिला नोकरी मिळाली. डिग्री नाही म्हणून पगाराची सुरुवात एक पायरी खालून. हे तिने सांगितलं तेव्हा मला वाटलं श्रीकांत आता काहीतरी बोलेल. तो म्हणाला, एक पायरी ना, चालेल. आणि उठून वर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही.

श्रीकांत वसंतातच रिटायर झाला होता. मतदानकेंद्रावर माणसं कमी पडतात, हे तो गार्गीकडून ऐकत आला होता. त्याने ऑफिसला रीतसर विचारलं, मुलगी तिथे नोकरीला असताना वडिलांना हे काम करता येतं का? उत्तर आलं, येतं, पण ती बघते त्या केंद्रांवर नाही. मग त्याने अर्ज भरला आणि माझाही भरायला लावला. गेल्या आठवड्यात आमचं ट्रेनिंग होतं. हॉलच्या उंच खिडक्यांतून दुपारचं पिवळं ऊन आत पडलं होतं, मागे कॉफीचा थर्मास, आणि घडीच्या खुर्च्यांवर आमच्यासारखेच पिकलेल्या केसांचे लोक, काही या पक्षाचे, काही त्या. शिक्षिका होत्या, सेवानिवृत्त पोस्टमन होते, एक दंतवैद्य होते. सगळे एकमेकांशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते.

बाजूच्या दारातून गार्गी आत आली. गळ्यात ओळखपत्र, काखेत मतपत्रिकांचे नमुने; शिकवणार तीच होती. आणि श्रीकांत उभा राहिला.

नागपूरच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत गुरुजी वर्गात आले की सगळा वर्ग उभा राहायचा. या देशात कोणी तसं उठत नाही. मी त्याची बाही ओढली, त्याने लक्ष दिलं नाही. दोन्ही हात बाजूला सरळ सोडून तो उभा होता. आजूबाजूच्यांनी बघितलं. काही विधी असावा असं वाटून एक पोस्टमन उठला, मग त्याच्या शेजारची बाई, मग खुर्च्या सरकल्याचे आवाज, आणि अर्धा हॉल गोंधळून उभा राहिला. मग मीही उठले.

गार्गीला वाटलं त्याला काही विचारायचंय. तिने भुवया उंचावल्या. त्याने मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा तिला कळलं, आणि ती कानापर्यंत लाल झाली. माइक चालू आहे हे विसरून ती मराठीत म्हणाली, “बाबा, बस ना प्लीज.”

श्रीकांतने तिला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

“तुम्ही सगळ्यांना सांगा,” तो म्हणाला, “म्हणजे मीपण बसतो.”

तिने हातातले कागद टेबलावर ठेवले आणि पुन्हा उचलले. मग माइकमध्ये, जरा घोगऱ्या आवाजात, ती इंग्रजीतून सगळ्यांना म्हणाली की कृपया बसून घ्या, आणि तो बसला.